दात, मिशी आणि नाडी

मित्रांनो, आधीच नाक मुरडू नका. मी एक जुना टूथब्रश आहे. दांडा हिरवा, केस चारी दिशांना फिस्कटलेले, अंगावर काळे डाग आणि डोक्याला जराशी जांभळी झाक. मी रस्त्यात पडलेला दिसलो असतो, तर तुम्ही मला पायानं उडवलं असतं. मला ठाऊक आहे. पण मी रस्त्यात पडलेलो नाही. नळदुर्गजवळच्या एका गावात, आण्णासाहेबांच्या घरी, मी शिलाई मशीनच्या खणात राहतो. उशाला बॉबिन, पायथ्याला खडू, अंगाखाली मऊ चिंध्या. या वयात आणखी काय पाहिजे?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं काही आठवत नाही. साचा मिटला, साचा उघडला आणि मी झालो. मग डोक्यावर पांढरेशुभ्र केस बसवले आणि यंत्रानं ते सारखे कापले. त्या दिवसाइतका मी पुन्हा कधी देखणा दिसलो नाही. पुढं पुठ्ठ्याला चिकटून मी नळदुर्गला आलो आणि शिवप्पांच्या किराणा दुकानाच्या दारात लटकलो. शेजारी शांपूच्या पुड्यांची माळ होती. समोरून ट्रक धुरळा उडवत जायचे आणि आम्ही सगळे झुलायचो. आपण कुणाच्या घरी जाणार, एवढाच आमच्यात विषय असायचा.

मला इंद्रजितनं घेतलं, आपल्या वडिलांसाठी. आण्णासाहेब तोवर कडुनिंबाच्या काडीनं दात घासायचे.

"आण्णा, आता काडी बास करा. दात हालायलेत तुमचे," इंद्रजित म्हणाला.

"दात काडीनं न्हाय, वयानं हालायलेत," असं म्हणत त्यांनी मला हातात घेतलं आणि उलटंसुलटं करून पाहिलं. "एवढ्याशानं काय व्हतंय?"

काय होतं ते मी त्यांना दाखवून दिलं. पण खरं सांगतो, तो काळ सोपा नव्हता. दात घासणं म्हणजे आण्णासाहेबांना खुरपणीच वाटायची. एकही तण राहता कामा नये! ते असा जोर लावायचे की माझी मान वाकायची. थोड्याच दिवसांत माझे सरळ केस फिस्कटले आणि मी तरुणपणीच म्हातारा दिसू लागलो. तरी मी खूश होतो. रोज सकाळी पहिलं काम माझं, चहासुद्धा माझ्या मागून यायचा.

मग एके सकाळी मी राहायचो त्या डब्यात एक निळा ब्रश येऊन उभा राहिला. कडक, तरतरीत आणि उगाच ताठ मानेचा. मला कुणीतरी उचलून न्हाणीच्या खिडकीत ठेवलं. तिथं साबणाचे तुकडे आणि पिवळी पडलेली घासणी होती. मित्रांनो, ज्या हातानं रोज सकाळी मला उचललं, तोच हात माझ्यावरून पुढं जाऊन निळ्याला उचलू लागला. फार वाईट वाटलं मला. आपलं आयुष्य संपलं असं मी धरून चाललो.

आणि एका रविवारी कस्तुराबाईंनी मला उचललं.

कस्तुराबाई म्हणजे आण्णासाहेबांच्या मंडळी. एका हातात मी आणि दुसऱ्या हातात कान तुटलेला कप, अशा त्या मागच्या अंगणात आल्या. कपात काळ्या डायची पुडी फोडली, पाणी घातलं आणि मला त्यात बुडवून गरागरा फिरवलं. मी पार काळाठिक्कर पडलो. बोअरच्या बाजूला घमेलं पालथं घालून आण्णासाहेब बसले होते. खांद्यावर जुना टॉवेल, समोर भिंतीच्या खिळ्याला आरसा. त्यांची मिशी तेव्हा करडी झाली होती. आणि ती मिशी म्हणजे साधी गोष्ट नव्हे बरं का! गावात आधी मिशी यायची, मागून आण्णासाहेब.

कस्तुराबाईंनी मला त्या मिशीवर ठेवलं. वरून खाली, हलक्या हातानं, एकेक केस मोजावा तसं. मग कानाजवळ, मग मानेवर. ज्या फिस्कटलेल्या केसांपायी माझी नोकरी गेली, तेच इथं कामाला आले. त्या म्हणाल्या, "ह्यो बुरूस झकास हाय. मुळापत्तूर जातोय." असं कौतुक दात घासताना मला कधी मिळालं नव्हतं.

आण्णासाहेबांचं झालं की पाळी कस्तुराबाईंची. आता आण्णासाहेब उभे आणि त्या बसलेल्या. आण्णासाहेबांचा हात खुरपणीचाच. पण बायकोच्या डोक्यावर तो आपोआप हलका व्हायचा, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

मग गंमत असायची. डाय वाळेपर्यंत दोघांनाही कशालाच हात लावता यायचा नाही. लावला तर डाग पडणार. तेव्हा दोघं काळी डोकी घेऊन शेवग्याच्या सावलीत गप्पा मारत बसायचे. कोणती म्हैस आटली, लेकीचा, हर्षालीचा फोन आला का, तूर यंदा कशी आहे. एरवी त्या घरात ही दोन माणसं एका जागी रिकामी बसलेली मी पाहिली नाहीत. ते शेतात, तर त्या गोठ्यात. त्या घोटलेल्या काळ्या रंगानंच काय ती त्यांना बसायला फुरसत दिली होती. मी कपात आडवा पडून ते ऐकत असायचो. माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस.

पण एका सोमवारी सकाळी कस्तुराबाई उठल्या त्या डोळे सुजवूनच. कपाळ लाल, कानामागं पुरळ, खाज थांबेना. उमरग्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "केसांना काय लावता?" आणि पुढं निक्षून सांगितलं, "काळा रंग कायमचा बंद. परत लावाल तर जिवावर बेतेल."

कस्तुराबाईंनी ते हसत घेतलं. "बरं झालं. दगदग गेली." हळूहळू त्यांचं काळं खाली सरकत गेलं आणि वरून पांढरं येत गेलं. वर्षभरात डोकं पार कापसासारखं झालं. आण्णासाहेबांची मिशी मात्र काळीच राहिली, कारण रविवारी कस्तुराबाई हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून त्यांना डाय लावून द्यायच्याच. आता त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर मला काम नव्हतं, एवढाच फरक. असं मला वाटलं. ब्रशाला कळून कळून किती कळणार?

पुढं एकदा दोघं पुन्हा उमरग्याला तपासायला गेले. त्या दिवशी घरी येताना दोघं एसटीतून उतरले, पण कस्तुराबाई पुढं आणि आण्णासाहेब मागं. घरात कुणी कुणाशी बोलेना. रविवार आला. आण्णासाहेबांनी घमेलं पालथं घातलं, डाय कालवला, मला हातात घेऊन हाक मारली. कस्तुराबाई आल्याच नाहीत.

"तुमचं तुमी लावा," आतून आवाज आला.

"आगं, पण झालं काय?"

मग त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मला सगळं कळलं. दवाखान्यात नाव लिहून घेणारी मुलगी आण्णासाहेबांना म्हणाली होती, "दादा, तुमच्या आईचं वय किती लिहू?"

"त्या पोरीचं काय बी न्हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. "लेकराला काय कळतंय? पण तुमी हसलाव. मिशीवर ताव दिलाव. म्या बघितलं."

मी त्यांच्या हातात होतो. माझ्या डोक्यावरून काळा थेंब त्यांच्या धोतरावर पडला, तरी त्यांना पत्ता नव्हता.

गोष्ट एवढ्यावर मिटली असती. पण घरात इंद्रजितचं लग्न ठरलेलं होतं. मित्रांनो, लग्नाआधी घरात देवक बसवतात, हे तुम्ही पाहिलं असेल. नवरदेवाचे आईवडील जोडीनं पाटावर बसतात. त्यांच्या उपरण्याची आणि पदराची गाठ बांधतात. सगळी भावकी समोर असते. कस्तुराबाईंनी जाहीर करून टाकलं, "देवकाला थोरले भावजी अन् जाऊबाई बसतील. मंडपात बी म्या बायांत मागं बसंन. लोकांनी इचारायचं, पोराची आजी व्हय ही? अन् ह्यांनी हसायचं. नगं मला."

इंद्रजितनं समजावलं, फोनवरून हर्षालीनं समजावलं. कस्तुराबाई ऐकेनात. एकुलत्या एका मुलाच्या लग्नात त्याची आई मागच्या रांगेत बसणार होती. आण्णासाहेबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. मी खिडकीतून पाहत होतो. ते रोज आरशासमोर उभे राहून मिशीकडं बघायचे, पण ताव देत नव्हते.

मग एक दिवस ते मनाशी काहीतरी ठरवून बाहेर पडले. आधी गेले शिवप्पांच्या दुकानात. तिथला सगळा किस्सा शिवप्पांनी इतका पसरवला, की आमच्या न्हाणीपर्यंत पोचला.

"पांढरा डाय द्या," आण्णासाहेब म्हणाले.

"अय्यो, आण्णासाहेब! काळा मागत्यात लोक. पांढरं तर देव फुकट देतोय की!"

तिथून ते गेले मल्लेशच्या सलूनमध्ये. डोकं आणि मिशी सगळं साफ काढून टाक, म्हणाले. नवं येईल ते पांढरंच येईल, असा त्यांचा हिशेब. मल्लेशनं वस्तरा खाली ठेवला. "मालक, घरात लगीन हाय अन् मिशी काढू? सांजच्याला पाव्हणे रडत येतील की तुमच्या दारात. कोण गेलं, कवा गेलं, म्हणून." बरोबरच होतं त्याचं. आमच्याकडं माणूस मिशी काढतो ती घरात कुणी गेल्यावरच. मल्लेशनं डोक्याचे केस तेवढे बारीक करून दिले आणि मिशीला हात लावला नाही.

आता राहिला तिसरा उपाय. बायका चेहऱ्याला ब्लीच लावतात, त्यानं लव सोनेरी होते, एवढं आण्णासाहेबांनी कुठंतरी ऐकलं होतं. लव होते तर मिशी का नाही? त्यांनी ब्लीचची डबी आणली, भर दुपारी न्हाणीत घुसून कडी लावली आणि मला उचललं.

मित्रांनो, मला बोलता येत असतं तर मी ओरडलो असतो. डबीवर लिहिलेल्या वेळेला त्यांनी मिशी धुतलीच नाही. 'मिशी दांडगी हाय, तिला जास्त लागंल,' असं पुटपुटत बसून राहिले. ओठावर आग व्हायला लागली तेव्हा कुठं उठले आणि तोंडावर तांब्याभर पाणी मारलं. आरशात पाहिलं. मिशी पांढरी झाली नव्हती. ती मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखी झाली होती, पिवळट तांबूस. खाली ओठ लालभडक.

आण्णासाहेबांनी कधी कुठल्या संकटाला पाठ दाखवली नव्हती. पण त्या दिवशी ते गमछा तोंडाला गुंडाळून न्हाणीबाहेर पडले.

"काय झालं?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"दाढ दुखायलीय."

झालं! कस्तुराबाई रुसलेल्या असल्या तरी निर्दय नव्हत्या. लवंग आली, मिठाचं गरम पाणी आलं. भाकरी बंद झाली आणि आण्णासाहेबांच्या ताटात मऊ पातळ भात पडू लागला. घरात लग्नाच्या लाडवांचा, चिवड्याचा घमघमाट आणि हा गडी कोपऱ्यात पाठ करून, गमछ्याखालून भात खातोय! वर कस्तुराबाईंचा उपदेश, "जोर लावून दात घासू नगा, म्हणून किती येळा सांगितलं." त्यावर मला मनापासून हसू आलं. कारण तो उपदेश माझ्या बाजूचा होता.

लग्नाच्या कामासाठी हर्षाली आली. हर्षाली म्हणजे त्यांची धाकटी लेक. उमरग्यात एका ब्युटी पार्लरमध्ये कामाला आहे. आण्णासाहेबांनी तिला हळूच मागच्या अंगणात बोलावलं आणि गमछा खाली केला. ती घमेल्यावर बसली आणि तोंडात ओढणी कोंबून हसली. हसून झाल्यावर मात्र चांगलीच चिडली.

"आण्णा, कातडं सोलून निघालं असतं! कुणी सांगितलं तुमाला हे उद्योग?"

आण्णासाहेबांनी तिला सगळं सांगितलं. दवाखान्यातली मुलगी, आपलं हसणं, देवक, सगळं. "तुझ्या आईला माझ्या शेजारी बसवायचंय, हर्षे. ती पांढऱ्याची काळी व्हऊ शकत न्हाय. म्या तर काळ्याचा पांढरा व्हऊ शकतो का न्हाय?"

हर्षालीनं त्यांची मिशी बोटानं चाचपून पाहिली. मग म्हणाली, "व्हतंय. पण माझ्या हातानं. अन् आधी ओठ बरा व्हऊ द्या."

ओठ बरा झाल्यावर तिनं आधी कानामागं थेंबभर औषध लावून पाहिलं. तिथं काही झालं नाही, तेव्हाच दुसऱ्या दिवशी हात घातला. कस्तुराबाई लग्नाची हळद दळायला गिरणीत गेल्या होत्या. आण्णासाहेबांनी कालवायला स्टीलची वाटी आणली, तर हर्षालीनं ती परत पाठवली. धातू या औषधाला चालत नाही म्हणे. मग आमचा कान तुटलेला कप पुन्हा बाहेर आला. तिच्याजवळ पार्लरचा रुंद ब्रश होता, काळा, चकचकीत. डोक्यावर तो चालला. पण मिशीपाशी तो अडला. एका फटक्यात नाकापर्यंत जायचा! तेव्हा हर्षालीनं इकडंतिकडं पाहिलं आणि खिडकीतून मला घेतलं. त्या रुंद ब्रशाकडं मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

ते औषध उग्र असतं हो. डोळ्यात पाणी येतं, हातमोज्याशिवाय त्याला शिवायचं नसतं. मुलांनी तर त्याच्या वाटेला जाऊच नये. हर्षाली मोबाईलवर वेळ लावून काम करत होती. मुळाशी आण्णासाहेबांचे केस पांढरेच होते, टोकांना तेवढा काळा डाय उरला होता. एकदा धुतलं, टोकं नारिंगी झाली. परत लावलं, पिवळी झाली. आता डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून आण्णासाहेब घमेल्यावर बसले होते, मिशीला पांढरा लेप, मनात 'आग व्हायलीय का न्हाय' याचा विचार.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. गिरणीची लाईट गेली होती. हळदीचा डबा कडेवर घेऊन कस्तुराबाई दारात उभ्या होत्या.

"ह्ये काय करायलाव?"

आण्णासाहेब उठून उभे राहिले. डोक्यावर पिशवी तशीच. "केस पिकवायलोय," ते म्हणाले.

"कशापायी?"

"तुझ्यापायी." ते दोन पावलं पुढं आले. "त्या दिशी म्या हसलो, कस्तुरा. माझ्या बायकूला लोकांनी म्हातारी म्हणलं अन् म्या त्याच्यात माझं तरणेपण बघितलं. लई चुकलं. देवकाला तुझ्याबिगर म्या बसत न्हाय. तुला मागं बसायचं असंल, तर म्या बी मागं बसतो. पोराचं लगीन भटजी लावंल."

हर्षाली माझ्याकडं बघत होती, मी कपात पडून होतो. कस्तुराबाईंनी हळदीचा डबा सावकाश खाली ठेवला.

"म्हंजी दाढ दुखत नव्हती?"

"न्हाय."

"अन् म्या रोज मऊ भात शिजवत व्हते?"

"व्हय."

"लाडू बी दिला न्हाय तुमाला!"

"व्हय की," आण्णासाहेब इतक्या दुःखानं म्हणाले की कस्तुराबाईंना हसू फुटलं. त्या दाराची चौकट धरून हसल्या. हसता हसता पदर डोळ्याला लावला, तो बराच वेळ तिथंच राहिला.

मग त्यांनी पदर खोचला. तोवर वेळ भरली आणि लेप धुऊन झाला. हर्षालीनं पिशवीतून गडद जांभळी बाटली काढली. पिवळेपणा मारायला हे, म्हणाली.

"ही तर नीळ हाय की," कस्तुराबाई म्हणाल्या. "ह्यांच्या धोतराला जल्मभर तेच करत आले. कमी पडली की पिवळं ऱ्हातंय, जास्त झाली की निळं पडतंय. सरक तू. मिशी म्या करते."

"आई, हातमोजे घाल. तुझ्या हाताला काय बी लागू देणार न्हाय म्या."

कस्तुराबाईंनी हातमोजे घातले आणि मला उचललं. मित्रांनो, त्या रुसल्यापासून तो हात मला लागला नव्हता. तीच पकड, तोच हलकेपणा, वरून खाली, एकेक केस. आण्णासाहेब डोळे मिटून बसले होते. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. "औषध उग्र हाय," असं ते म्हणाले. ते औषध उग्र नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण मी कशाला बोलू?

धुऊन, पुसून झाल्यावर दोघं आरशासमोर उभे राहिले. खिळ्याचा आरसा लहान. दोन डोकी मावायला ती एकमेकांना टेकवावी लागली. आण्णासाहेबांची मिशी चांदीसारखी लखलखत होती. खरं तर पूर्वीपेक्षा जास्त रुबाबदार! त्यांनी ताव द्यायला हात वर नेला आणि बायकोकडं पाहिलं.

"द्या, द्या," कस्तुराबाई म्हणाल्या. "आता बिनघोर द्या."

देवकाला दोघं जोडीनं बसले. तो सोहळा मी खिडकीतून ऐकला. लग्नाला मात्र मी स्वतः हजर होतो. कसा ते ऐका. माझ्या शेपटाला एक भोक आहे. लग्नाच्या गडबडीत बायकांच्या परकराच्या नाड्या हमखास निघतात, म्हणून कस्तुराबाईंनी मला घासूनपुसून पिशवीत टाकलं होतं. आणि झालंही तसंच. ऐन वेळी नवरीचीच नाडी निघाली! खोलीत एकच धावपळ. कस्तुराबाईंनी माझ्या भोकात नाडी ओवली, मला नेफ्यात सरकवलं आणि मी अंधारातून वळसा घालून पलीकडं बाहेर पडलो. नव्या सूनबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. सासूशी त्यांची पहिली गट्टी जमली ती माझ्यामुळं. मी हे कुठं फारसं सांगत नाही.

मग फोटोची वेळ आली. पिशवी कस्तुराबाईंच्या हातातच होती, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं. फोटोवाला मोठ्यानं म्हणाला, "नवरदेवाचे आजी-आजोबा, जरा मधी या!"

पुन्हा तेच! आण्णासाहेब घसा खाकरून म्हणाले, "आरं, आमी आजी-आजोबा न्हाय, आमी..."

"ऱ्हाऊ द्या," कस्तुराबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "जोडीनं म्हणलाय न्हवं? मग चला."

आणि त्या पुढं झाल्या, अगदी मधोमध. तो फोटो आता माजघरात लावला आहे. दोन पांढरी डोकी, दोघंही हसतायत, आणि कस्तुराबाईंच्या हातातल्या पिशवीतून एक हिरवं टोक डोकावतंय. तो मी.

त्यानंतर आण्णासाहेबांच्या डोक्याला रंग लागला नाही, काळाही नाही आणि जांभळाही नाही. नवे केस आले ते मुळात पांढरेच होते. म्हणजे माझी दुसरीही नोकरी गेली. दिवाळीच्या साफसफाईत सूनबाईंनी मला केराच्या टोपलीत टाकलं, त्यात त्यांची काही चूक नाही. माझा अवतार पाहून कुणीही टाकलं असतं. कस्तुराबाईंनी मला टोपलीतून काढलं, पाण्यानं धुतलं आणि म्हणाल्या, "ह्याला नगं टाकू, बाई. ह्यानं माझं माणूस माझ्या शेजारी आणून बसवलंय." तेव्हापासून मी मशीनच्या खणात आहे. नाडी निघाली की घरातून हाक येते आणि मी हजर होतो.

आणि रविवारी? रविवारी डाय नाही, वाळायची वाट पाहणं नाही. तरी दोघं शेवग्याखाली येऊन बसतात. हात स्वच्छ असतात, कुठलंही काम करता येईल, पण कुणी करत नाही. खण थोडा उघडा असला की मला त्यांचं बोलणं ऐकू येतं. तूर, म्हैस, हर्षाली. तेच सगळं. मला ते पुरतं.

मित्रांनो, वस्तू जुन्या होतात, माणसंही होतात, त्यात रडण्यासारखं काही नाही. मी स्वतः तीनदा जुना झालो आणि अजून कामाचा आहे. फक्त तुमच्या घरात कुणी म्हातारं होत असेल, तर त्याला एकट्याला म्हातारं होऊ देऊ नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा.

आणि जुना ब्रश टाकायच्या आधी घरात एकदा विचारून घ्या, कुणाची नाडी निघालीय का.